‘बटन’ सुटते, पण एका झटक्यात नाही

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात ‘बटन’ हा शब्द गेल्या काही वर्षांत पोलिसांच्या कारवायांच्या बातम्यांत वारंवार वाचायला मिळतो. नशेसाठी चोरून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्यांचे हे गल्लीतले नाव. नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम ही त्यांची औषधशास्त्रातली नावे. वैजापूरहून येवला-मनमाडमार्गे मालेगावला गेले की त्यातल्याच अल्प्राझोलामला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. गोळी खाल्लेला माणूस कुणावरही धावून जातो, म्हणून हे नाव पडले. वैजापूर या दोन गावांच्या मधल्या वाटेवर आहे, त्यामुळे हे दोन्ही शब्द इथल्या पालकांच्या कानावर आले आहेत. मात्र ही गोळी शरीरात जाऊन काय करते आणि ती सोडवायची कशी, याची माहिती फार थोड्या घरांत असते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालय आणि अहमदाबाद गुन्हे शाखेने संभाजीनगर व पैठणच्या औद्योगिक वसाहतीत छापे घातले. कोकेन, मेफेड्रोन, केटामाइन असा कोट्यवधींचा साठा सापडला आणि सारा जिल्हा हादरला. गोळ्यांच्या नशेने मात्र कुणी हादरत नाही. गोळी पांढरी स्वच्छ असते, चंदेरी पाकिटात असते, तिला वास येत नाही, ती घेताना धूर निघत नाही. शिवाय ती ‘डॉक्टरची गोळी’ असते. अनेक घरांत आजीच्या औषधाच्या डबीतही तीच असते. म्हणून ती निरुपद्रवी वाटते, आणि खरा धोका इथूनच सुरू होतो.

हा प्रश्न केवळ एका जिल्ह्याचा नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या ‘एम्स’मार्फत देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटातील सुमारे १.०८ टक्के, म्हणजे जवळपास १ कोटी १८ लाख भारतीय गुंगीची औषधे उपचारासाठी नव्हे, तर इतर कारणांसाठी घेतात, असे त्यात आढळले.

मेंदूचा ब्रेक

या गोळ्यांच्या कुळाला ‘बेंझोडायझेपिन’ म्हणतात. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम ही सगळी त्याच कुळातली भावंडे. त्यातले पहिले औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने शोधले आणि ते १९६० मध्ये बाजारात आले. १९६३ मध्ये डायझेपाम आले. त्याआधी झोपेसाठी बार्बिट्युरेट वापरली जात. त्यांचा डोस थोडा चुकला तरी श्वास बंद पडून माणूस दगावे. त्या तुलनेत ही नवी गोळी फारच सुरक्षित होती. त्यामुळे ती जगभर भराभर पसरली.

आपल्या मेंदूत काही रसायने गाडीच्या अॅक्सिलरेटरसारखी काम करतात, तर काही ब्रेकसारखी. ‘गाबा’ हे मुख्य ब्रेकचे रसायन. ते पेशींवरच्या ठरावीक कुलपांना लागले की पेशी शांत होते. बेंझोडायझेपिन याच कुलपाला दुसऱ्या जागी चिकटते आणि गाबाचा ब्रेक अधिक जोराने लागतो. म्हणून भीती कमी होते, स्नायू सैल पडतात, झोप येते, आकडी थांबते. आकडी आलेल्या लेकराला दवाखान्यात सुईतून दिले जाणारे औषध बहुधा याच कुळातले असते. दारू सोडताना येणारी थरथर आणि झटके आवरण्यासाठीही डॉक्टर हेच औषध वापरतात. योग्य हातात, योग्य दिवसांसाठी ते जीव वाचवते.

सवय कशी लागते?

ब्रेकवर सतत पाय राहिला तर मेंदू गप्प बसत नाही. तो स्वतःचे ब्रेक ढिले करतो आणि अॅक्सिलरेटर वाढवून तोल सांभाळतो. मग पहिल्या आठवड्यात एका गोळीने येणारी झोप पुढे येईनाशी होते. एकाच्या दोन, दोनाच्या चार होतात. वैद्यकात याला ‘सहनशीलता वाढणे’ म्हणतात. हा सहनशीलतेचा गुण मात्र कौतुकाचा नाही. शरीर त्या औषधावर टेकून उभे राहू लागल्याची ती खूण आहे.

इथे दोन शब्दांतला फरक समजून घ्यायला हवा. पहिला शब्द ‘अवलंबित्व’. डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज काही आठवडे घेतली तरी ते येऊ शकते. यात माणसाचा दोष नसतो, हा शरीराचा हिशेब आहे. दुसरा शब्द ‘व्यसन’. त्यात गोळीची तलफ येते, तिच्यापायी काम, शाळा, घर, पैसा सगळे मागे पडते, नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही. रोज रात्री ठरलेली एक गोळी घेणाऱ्या आजीला अवलंबित्व असते, पण व्यसन असेलच असे नाही. ‘किक’ यावी म्हणून एकदम पाच-दहा गोळ्या गिळणाऱ्या तरुणाला बहुधा दोन्ही असतात. औषध बंद करताना मात्र दोघांच्या मेंदूपुढे एकच संकट उभे राहते.

जास्त झाली तर

डॉक्टर अल्प्राझोलाम अनेकदा पाव किंवा अर्ध्या मिलिग्रॅमपासून सुरू करतात. यावरून ते किती ताकदीचे औषध आहे, हे ध्यानात यावे. नशेसाठी घेतलेल्या मात्रेत बोलणे जड होते, चाल लडखडते, डोळे अर्धे मिटतात. दारूचा वास येत नाही, पण माणूस प्यायल्यासारखा वागतो. काही जणांत मात्र उलटा परिणाम दिसतो. मेंदूचा संयम सांभाळणारा भागच आधी झोपी जातो, त्यामुळे भीडभाड सुटते, राग उफाळतो, मारामारी होते. शांत करणारे औषध घेऊन माणूस हिंसक कसा होतो, या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

त्याहून विचित्र परिणाम स्मृतीवर होतो. गोळीच्या अमलात असताना जे घडते त्याची नोंदच मेंदूत होत नाही. रात्री कुणाशी भांडलो, गाडी कुठे घातली, आणखी किती गोळ्या घेतल्या, हे सकाळी खरोखरच आठवत नाही. घरच्यांना तो खोटे बोलतो असे वाटते. ‘आधीच घेतली आहे’ हे विसरून पुन्हा घेतल्यानेही मात्रा वाढत जाते.

सर्वांत घातक जोडी म्हणजे गोळी आणि दारू. दारूही त्याच गाबाच्या ब्रेकवर काम करते. एकेकटी गोळी अनेकदा माणसाला गाढ झोपवून सोडते. दारूसोबत तीच गोळी श्वासाची गती मंदावते, आणि झोपेतच श्वास थांबू शकतो. कोडिनयुक्त खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके किंवा अफूच्या जातीचे कोणतेही औषध सोबत असेल तर धोका असाच वाढतो. कोडिनचे यकृतात मॉर्फिन होते. म्हणजे बाटलीवर ‘कफ सिरप’ लिहिलेले असले, तरी पोटात गेल्यावर ते अफूचेच काम करते. चोरीच्या बाजारातल्या सुट्या गोळीत नेमके काय आणि किती आहे, याची खात्री तर विकणाऱ्यालाही नसते.

‘आजपासून बंद’ म्हणजे काय?

मुलाच्या खिशात गोळ्या सापडल्या की बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. वडील दोन ठेवून देतात, आई रडते, पाकिटे संडासात टाकली जातात, मोबाईल काढून घेतला जातो आणि पोराला खोलीत कोंडले जाते किंवा दूरच्या नातेवाइकाकडे शेतावर धाडले जाते. ‘आठ दिवस मिळाली नाही की आपोआप सुटेल’, असा हिशेब असतो. मायेपोटी केलेला हा हिशेब जिवावर बेतू शकतो.

मेंदूने ब्रेक ढिले करून अॅक्सिलरेटर वाढवून ठेवला आहे, हे वर आलेच. अशा वेळी बाहेरून मिळणारा ब्रेक एकदम काढून घेतला तर गाडी सुसाट सुटते. आधी झोप उडते, छाती धडधडते, घाम सुटतो, हात थरथरतात, आवाज आणि उजेड सहन होत नाही. पुढे काहींना आकडी येते. काहींना भास होतात, कोण कुठे आहे याचे भान राहत नाही. उपचार मिळाले नाहीत तर मृत्यूही येऊ शकतो. अफूच्या जातीची नशा सोडताना माणसाचे अतोनात हाल होतात, पण त्या हालांनी तरुण माणूस सहसा मरत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू यांचे मात्र सोडणेच प्राणघातक ठरू शकते. हा फरक प्रत्येक घराला माहीत असायला हवा.

ही माहिती नवी नाही. पहिले बेंझोडायझेपिन बाजारात येऊन जेमतेम वर्ष होत असताना, १९६१ मध्ये, अमेरिकेतील डॉ. लिओ हॉलिस्टर आणि सहकाऱ्यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. काही महिने मोठ्या मात्रेत हे औषध घेणाऱ्या ११ रुग्णांना अचानक औषध नसलेली गोळी देण्यात आली. त्यातल्या १० जणांना त्रास सुरू झाला आणि दोघांना आकडी आली. ती आकडी दुसऱ्या दिवशी आली नाही, जवळपास आठवड्याने आली.

ही वेळ लक्षात ठेवण्यासारखी आहे. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर निघून जाते, त्यामुळे त्याचा त्रास एक-दोन दिवसांत उसळतो. नायट्राझेपाम किंवा डायझेपाम रेंगाळते, त्यामुळे त्याचा त्रास उशिरा येतो. पाच दिवस मुलगा ठीक दिसला म्हणून घरचे निश्चिंत होतात आणि सहाव्या-सातव्या दिवशी रानात, विहिरीच्या काठी किंवा मोटारसायकलवर असताना आकडी येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये या संपूर्ण कुळावरची ठळक इशारापट्टी वाढवली. गैरवापर, व्यसन आणि अचानक बंद केल्यावर होणारा त्रास, हे सारे त्यात आले.

आजीच्या डबीतली गोळी

याच कारणासाठी म्हाताऱ्या माणसांकडेही पाहायला हवे. कधीतरी, एखाद्या दुःखाच्या किंवा आजारपणाच्या काळात, झोपेसाठी पंधरा दिवसांची गोळी लिहून दिलेली असते. चिठ्ठी तीच राहते, मेडिकल तेच राहते आणि पंधरा दिवसांची पाच वर्षे होतात. वय वाढले की यकृत-मूत्रपिंडाचे काम मंदावते, औषध शरीरात साठते. रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते. विसराळूपणा वाढतो आणि ‘वयच झालं आता’ म्हणून तो सोडून दिला जातो.

अशा आजीला आकडी येऊन दवाखान्यात आणले, तर पहिला प्रश्न ‘नेहमीची कोणती गोळी बंद झाली का?’ हा असायला हवा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला जाताना, लेकीकडे राहायला जाताना किंवा दिंडीला निघताना डबी घरी राहिली, एवढे कारणही पुरते. म्हणून वृद्धांची झोपेची गोळी कुणीही मनाने वाढवू नये, तशीच मनाने बंदही करू नये. डॉक्टरांकडे ती डबीच घेऊन जावे आणि ‘ही अजून लागते का?’ असे विचारावे. आणखी एक गोष्ट. घरातल्या तरुणाला पहिली गोळी अनेकदा याच डबीतून मिळते. गोळ्या मोजून, कुलपात ठेवणे हा साधा पण उपयोगी उपाय आहे.

उपचार कसे होतात?

उपचाराचे सूत्र सोपे आहे. मेंदूने जेवढ्या सावकाश ब्रेक ढिले केले, तेवढ्याच सावकाश ते पुन्हा घट्ट करायला त्याला वेळ द्यायचा. डॉक्टर आधी किती गोळ्या, किती दिवस, सोबत दारू किंवा आणखी काय, याचा हिशेब घेतात. इथे लपवाछपवी झाली तर मात्रा चुकते. मग बहुधा लवकर उतरणाऱ्या औषधाच्या जागी शरीरात जास्त काळ टिकणारे, त्याच कुळातले औषध ठरावीक मात्रेत दिले जाते आणि ते टप्प्याटप्प्याने कमी केले जाते. कुणाला यासाठी काही आठवडे लागतात, कुणाला काही महिने. मोठी मात्रा, आधी आलेली आकडी, दारूची जोड, गरोदरपण किंवा आत्महत्येचे विचार असतील तर रुग्णालयात दाखल करूनच हे करावे लागते.

‘नशा सोडवायला नेलं आणि डॉक्टरांनी पुन्हा गोळ्याच दिल्या’, अशी तक्रार नातेवाईक करतात. जिना उतरताना एकेक पायरी लागते, खिडकीतून उडी मारून कुणी उतरत नाही, एवढे त्यांना समजावून सांगितले की ते पटते. फक्त त्या गोळ्या रुग्णाच्या हाती न देता घरातल्या एका जबाबदार माणसाने ठेवाव्यात आणि रोजच्या रोज द्याव्यात.

शरीरातून गोळी निघाली म्हणजे व्यसन सुटले असे नाही. गोळी कशासाठी घेतली जात होती, हा प्रश्न उरतोच. कुणाला झोप नसते, कुणाला छातीत धडकी भरते, कुणाला बेकारी खाते, कुणी मित्रांच्या नादाने सुरू केलेले असते. नैराश्य किंवा चिंतारोग असेल तर त्याचे उपचार वेगळे करावे लागतात. समुपदेशन, घरच्यांचा सहभाग आणि पुन्हा कामाला लागणे, यावर पुढचे सारे टिकते. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसनी माणूस हा रुग्ण आहे आणि त्याचे घरही उपचाराचा भाग आहे, ही गोष्ट या केंद्राने महाराष्ट्राच्या गळी उतरवली. पुन्हा घसरण झाली तर तो नालायकपणा समजू नये. मधुमेह्याची साखर जशी पुन्हा वाढते, तशीच ही घसरण असते. मात्रा तपासून, कारण शोधून पुन्हा सुरुवात करायची असते.

कायद्याची भीती

बरीच घरे पोलीस केस होईल या भीतीने दवाखान्याची पायरी चढत नाहीत. या गोळ्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात, हे खरे. मात्र त्याच कायद्याचे कलम ६४-अ सांगते की, व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला पुढे आली, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढूनही घेता येते. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था ‘मानसिक आजारा’च्या व्याख्येत येतात. रुग्णाला साखळीने बांधण्यास हाच कायदा मनाई करतो. ‘व्यसन सोडवतो’ म्हणून मारहाण करणाऱ्या किंवा डांबून ठेवणाऱ्या ठिकाणी मुलाला सोपवण्याआधी तिथे डॉक्टर आहे का आणि केंद्राला परवाना आहे का, हे पाहावे.

विक्रीचे नियमही स्पष्ट आहेत. मार्च २०१४ पासून या गोळ्या ‘एच-१’ या अनुसूचीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत. चिठ्ठी देणारा डॉक्टर, रुग्ण आणि दिलेली संख्या यांची नोंद दुकानदाराला वेगळ्या वहीत करावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. पाकिटावर लाल चौकटीतला इशारा असतो. ‘ओळखीचा आहे, दे एक पाकीट’ म्हणणारे गिऱ्हाईक आणि ते देणारा दुकानदार, दोघेही नियम मोडतात.

घरच्यांनी काय करावे?

गोळ्या सापडल्या तर पाकीट फेकू नका, जपून ठेवा. त्यावरचे नाव आणि मिलिग्रॅम यावरच डॉक्टरांचा हिशेब अवलंबून असतो. भांडण करायचे ते माणूस शुद्धीवर असताना, आणि ‘का घेतोस’ याच्या आधी ‘किती घेतोस, केव्हापासून’ हे विचारा. रोज घेत असेल तर त्याच दिवशी पूर्ण बंद करू नका. आहे ती मात्रा न वाढू देता लवकरात लवकर डॉक्टर गाठा. तोवर दारू, गाडी चालवणे, विहीर आणि यंत्रे यांपासून त्याला दूर ठेवा.

माणूस हाक मारूनही उठत नसेल, श्वास घोरल्यासारखा किंवा अगदी संथ असेल, ओठ निळसर पडले असतील तर ‘झोपू द्या, उतरेल’ असे म्हणू नका. त्याला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि कुणीतरी जवळच थांबा. उलटी काढू नका, लिंबू-ताक पाजू नका. आकडी आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. डोक्याखाली मऊ कापड द्या आणि आकडी थांबताच कुशीवर वळवा.

पहिला सल्ला घेण्यासाठी वैजापूरचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. दाखल करण्याची गरज पडली तर संभाजीनगरच्या ‘घाटी’त मानसोपचार विभाग आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. फोनवर बोलण्यासाठी आधी मुलाची तयारी असलीच पाहिजे असे नाही. आई-वडिलांनीही फोन केला तरी चालतो. गोळी सापडल्याच्या रात्री, कुणी हात उगारण्याआधी किंवा पाकीट फेकण्याआधी तो फोन झाला, तर पुढचे बरेच काही सुरळीत होते.